चाल मामांची

“संपलीस तू आता,” मामा म्हणाले आणि त्यांनी आपला राजा माझ्या प्याद्याला आणून चिकटवला. मग लोडाला टेकले आणि डोळे मिटून घेतले. पट्टी बांधलेला पाय समोर पाटावर होता. तो जरासा हलला तेव्हा कपाळाला आठी पडली, पण ओठांवरचं हसू काही हललं नाही.

मी पटाकडे बघत राहिले. दोन दिवस घासून घासून डाव एवढासा उरला होता. दोन राजे आणि चार प्यादी. मधोमध माझं एक प्यादं आणि त्यांचं एक, नाकाला नाक लावून अडलेली. माझा राजा त्यांच्या प्याद्याला खेटून उभा, त्यांचा माझ्या. दोघंही आपलं राखतायत आणि दुसऱ्याचं खायला टपलेत. म्हणजे जो राजा जागचा हलेल त्याचं प्यादं जाणार, आणि ते प्यादं गेलं की डावच गेला. ज्याची चाल तो मेला, असला प्रकार. बुद्धिबळात ‘मी नाही बाई हलत’ म्हणायची सोय नसते. आपली वेळ आली की चालावंच लागतं. आणि आता वेळ माझी होती.

“आत्ती, जरा पाणी देता का?” मी सासूबाईंना म्हणाले.

“दे तिला,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “घशाला कोरड पडली असेल.”

मामा म्हणजे माझे सासरे, तवनाप्पा मगदूम. जयसिंगपुरात आमचं भांड्यांचं दुकान. दिवाळीच्या गर्दीत एक पितळी घंगाळ त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. शुगर होतीच. अंगठा आधी निळा झाला, मग काळा. मिरजेचे डॉक्टर स्वभावाने बरे होते, पण बोलायला सरळ. “आज आलात तर अंगठ्यावर भागेल,” ते म्हणाले. “उशीर केलात तर पाऊल जाईल. त्याहून उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही.” मामांनी शांतपणे ऐकलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि घरी येऊन जाहीर केलं, “कापाकापी नाही.”

माझ्या नवऱ्याने, भरतेशने, पाया पडून बघितलं. आत्तींनी उपास धरला, तर मामा त्यांच्या वाटची भाकरी पण खाऊन मोकळे झाले. भरतेश एकदा चिडून म्हणाला, “उचलून नेतो तुम्हाला.” तर मामा म्हणाले, “अंगाला हात लाव, त्या क्षणी अन्नपाणी सोडतो.” आम्हा जैनांच्या घरात हे नुसतं बोलायचं वाक्य नसतं. भरतेश पांढराफटक पडून दुकानात निघून गेला.

मग मी मधे पडले. मला गप्प बसवत नाही हा माझा जुना रोग. लग्नाआधी मी सांगलीच्या मुलींच्या संघातून खेळायचे, तेव्हासुद्धा चाल केली की उठायचे आणि फेऱ्या मारायचे. पंच वैतागून म्हणायचे, “मगदूम” — नाही, तेव्हा मी चौगुले होते — “चौगुले, तुमच्या खुर्चीला काटे आहेत का?” सासरी आले तर सासरे बुद्धिबळाचे वेडे निघाले. पण त्यांचं सगळं देशी. देशी पद्धतीत प्यादं कायम एकच घर चालतं, अगदी पहिल्या चालीलासुद्धा. माझी प्यादी पहिल्या चालीला दोन घरं जातात हे ऐकून ते हसले होते. “प्यादं म्हणजे पायी चालणारा शिपाई गं. उडी मारतो तो टोळ.” त्यांच्या नियमांनी खेळून मी त्यांना कधी म्हणजे कधी हरवलं नव्हतं.

“एक डाव खेळूया,” मी त्या दिवशी त्यांना म्हणाले. “मी जिंकले तर तुम्ही मिरजेला यायचं.”

“आणि मी जिंकलो तर?”

“तर या घरात कुणी दवाखान्याचं नाव काढणार नाही. मी कुणाला काढू देणार नाही.”

“बघ हं. शब्द देतीयेस.”

“पण माझ्या नियमांनी खेळायचं.”

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. “तुझ्या नियमांनी तर तुझ्या. टोळ तर टोळ.”

आत्तींनी कपाळावर हात मारून घेतला. “पायाचं मरण पटावर ठरवतायत दोघं,” त्या म्हणाल्या, आणि रागाने कणीक तिंबायला लागल्या. पण त्या दिवसापासून दोन्ही दिवस त्या दाराआडून डाव बघत होत्या. त्यांना कळत काही नव्हतं. माझा चेहरा वाचायच्या, तेवढंच.

तर असा तो डाव, आणि असं माझं कोरड पडलेलं नरडं. राजा हलवला की मेले. मधलं प्यादं अडलेलं. मग उरलं काय? पटाच्या अगदी कडेला माझं एक प्यादं अजून घरातच बसून होतं, सबंध डावात मी त्याला हात लावला नव्हता. समोर तीन घरं सोडून... नाही, दोन घरं सोडून मामांचं प्यादं. मी मनात मोजलं. मी एक घर पुढं गेले तर मामा त्यांचं प्यादं एक घर पुढं आणतील, दोन्ही अडतील, आणि चाल पुन्हा माझ्याच गळ्यात. मामांनी हेच मोजून ठेवलं होतं. म्हणून तर हसत होते. साठ वर्षं प्यादी एकेक घर चालवलेला माणूस. डावाच्या सुरुवातीला स्वतःही दोन घरं चालले होते, प्रत्येक वेळी ‘टुणकन’ असं तोंडाने म्हणत. पण माणूस थकला, पायात ठणका लागला, की डोकं आपोआप जुन्या वाटेने जातं.

मी कडेचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढं ठेवलं. ते त्यांच्या प्याद्याच्या पुढ्यातच जाऊन बसलं. तिथली वाट बंद झाली.

मामांनी एक डोळा उघडला. मग दोन्ही.

“हे काय?”

“पहिली चाल आहे त्याची. दोन घरं.”

ते पटावर वाकले. कडेला बघितलं, मधे बघितलं, पुन्हा कडेला. त्यांचं बोट हवेत एकेका घरावरून फिरलं आणि थांबलं. आता त्यांच्याकडे राजा सोडून हलवायला काही राहिलं नव्हतं.

“मामा, तुमची चाल.”

“माहीत आहे. बहिरा नाही मी.”

आत्तींनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मी हळूच मान हलवली. त्यांनी तिथंच भिंतीला टेकून हात जोडले. मी हात मांडीखाली दाबून बसले.

“चला की मामा.”

“विचार करालोय,” मामा म्हणाले.

आणि त्यांनी जो विचार करायला सुरुवात केली, तो दिवस मावळायला आला तरी संपेना. दिवस मावळायच्या आत आमच्यात जेवणं होतात. ते उठले, माझ्या खांद्याला धरून लंगडत जेवायला गेले, आणि जाता जाता म्हणाले, “डाव चालू आहे. कुणी हात लावायचा नाही.” त्या घरची तशी रीतच होती. अर्धा डाव राहिला तर पट जागच्या जागी ठेवायचा, आठवडा लागो नाहीतर महिना. आत्तींनी त्याच्यावर एक मोठी परात पालथी घातली.

घड्याळ. मला घड्याळ लावायचं सुचलंच नव्हतं. स्पर्धेत वेळ संपला की माणूस हरतो, पण घरात कसलं घड्याळ? मामांनी शब्द मोडला नव्हता. ते हरले नव्हते. ते फक्त चालत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, देवदर्शन वगैरे झाल्यावर ते पटासमोर बसले, परात बाजूला केली आणि बघत राहिले. “काय मामा?” “विचार करालोय.” दुपारी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. मी स्वयंपाकघरातून सोप्यात, सोप्यातून परसात, परसातून पुन्हा सोप्यात. दूध उतू गेलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. भरतेश दुकानातून तासातासाला फोन करायचा, “चालले का?” आणि मी नुसती “नाही” म्हणून फोन ठेवायची. आता पायाला वास यायला लागला होता. आत्ती पट्टी बदलायच्या आणि मागच्या दारी जाऊन उभ्या राहायच्या. काळेपणा अंगठ्यावरून पुढं सरकला होता, आम्ही तिघांनी बघितला होता, आणि तिघंही एकमेकांशी त्यावर बोलत नव्हतो.

“तूच त्यांना हा नाद लावलास,” भरतेश मला रात्री जेवताना म्हणाला — रात्री कसलं, उजेड होता अजून. “आधी नुसते नाही म्हणत होते. आता त्यांना सबब मिळाली.”

खरंच होतं ते.

मग एका सकाळी मामांना ताप भरला. भरतेशने मिरजेला फोन लावला. डॉक्टर एवढंच म्हणाले, “आज आणा.” भरतेशने तो फोन माझ्यासमोर ठेवला आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसला.

मी सोप्यात आले. मामा अंगावर शाल घेऊन पटासमोर बसले होते. डोळे लाल झालेले.

“मामा, चालताय का?”

“विचार—”

“बास झाला विचार,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, सासऱ्यासमोर तो कधी चढला नव्हता. “तुम्हाला चालायचं नाही ना? नका चालू. तुमच्या बदली मीच चालते.”

आणि मी माझा राजा उचलून एक घर बाजूला ठेवला. माझं मधलं प्यादं उघडं पडलं.

मामा बघतच राहिले.

“मारा आता,” मी म्हणाले. “माझं प्यादं मारा. डाव तुम्ही जिंकलात. या घरात आता कुणी दवाखान्याचं नाव काढणार नाही. भरतेशने काढलं तर मी त्याचं तोंड धरीन. शब्द दिलाय मी.”

“त्रिशला!” आत्ती दारातून किंचाळल्या. “अगं, काय केलंस तू हे? जिंकली होतीस ना?”

डोकं भडकलं म्हणून केलं होतं मी ते, विचार करून नव्हे. मामांचा हात हळूहळू पुढं आला, राजावर टेकला. त्यांनी राजा उचलला. माझ्या प्याद्यापर्यंत नेला. आणि तिथंच तो हात हवेत राहिला.

“आण्णाला पण अंगठाच होता,” मामा म्हणाले.

आण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारले होते. शुगरने गेले, एवढंच मला माहीत होतं.

“जीप दारात उभी होती,” ते म्हणाले. “त्याने टोपी पण घातली होती. मी म्हणालो, आण्णा, थांब. घाई कशाला करतोस? आपण एरंडाचा पाला बांधून बघू. मोठा असून त्याने माझं ऐकलं. टोपी काढून ठेवली. जीप परत पाठवली आम्ही.” त्यांनी राजा परत त्याच्या घरात ठेवला. “पुढं मांडीपासून पाय काढला. तरी राहिला नाही.”

आत्ती हळूच खाली बसल्या. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

“कुणाला बोललो नाही मी. वहिनीला तर नाहीच. तिला वाटतं, त्यानेच हट्ट केला.” मामांनी नाक पुसलं. “आणि आता मी काय करू? मिरजेला जाऊन अंगठा देऊ आणि खुशाल चालत घरी येऊ? त्याला थांब म्हणायचं आणि आपण पळायचं? वर गेल्यावर त्याला तोंड कसं दाखवू?”

आता एखादी शहाणी सून असती तर चार मायेचे शब्द बोलली असती. मला राग आला. मला इतका राग आला की रडू फुटलं.

“मग मला काय करायला बसवलंय तुम्ही?” मी म्हणाले. “हे घ्या माझं प्यादं, जिंका. आणि तुम्ही गेल्यावर मी काय सांगत फिरू? मीच म्हणाले होते घरी बसा म्हणून? मीच शब्द दिला होता? तुम्ही आण्णांना थांब म्हणालात, ते तुम्हाला जन्मभर पेलवलं नाही. आता तेच माझ्या डोक्यावर ठेवून निघालात होय? मी अजून तीस पण नाही मामा. मला किती वर्षं वागवायला लावताय ते?”

बाहेर पायरीवर भरतेश उठून उभा राहिलेला मला दिसला.

मामांनी माझ्याकडे बघितलं. पटाकडे नव्हे, माझ्याकडे. मग त्यांनी वाकून माझा राजा उचलला आणि जिथून मी तो हलवला होता त्या घरात नीट मधोमध ठेवला.

“ही तुझी चाल नव्हती,” ते म्हणाले.

“मग कुणाची?”

“माझी.”

त्यांनी आपल्या राजाच्या डोक्यावर बोट ठेवलं. “कुठं जाऊ गं?”

“कुठंही जा. प्यादं जाणारच आहे.”

“हं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून कळतंय ते.”

आणि त्यांनी राजा एक घर मागं घेतला.

मी त्यांचं प्यादं मारलं. मारताना पट मला धड दिसत नव्हता. मामांनी हात जोडावेत तसे दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले, आत्तींकडे वळून म्हणाले, “टोपी दे माझी,” आणि मग मोठ्याने, “भरत्या, गाडी काढ.”

थांबलेल्या दिवसांनी त्यांचं घ्यायचं ते घेतलंच. अंगठ्यावर भागलं नाही, पुढचं अर्धं पाऊल गेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादरीखाली किती उरलंय ते हाताने चाचपून बघितलं आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. माझ्याशी तर नाहीच. मला वाटलं, गेला हा माणूस, पाय वाचवला आणि माणूस घालवला मी.

शेजारच्या खाटेवर जतकडचा एक म्हातारा होता. त्याचाही पायच. त्याचा मुलगा रोज डॉक्टरांशी हुज्जत घालायचा. त्यांच्या गावाजवळ कुणी झाडपाला देणारा होता, आधी त्याच्याकडे नेऊन बघतो, घाई कशाला, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर म्हाताऱ्याचं सामान बांधून झालं होतं. मुलगा वडलांना खाटेवरून उतरवत होता.

“ए पोरा,” मामा म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला मी. “इकडं ये.”

मुलगा आला.

“माझ्या भावाला मी थांब म्हणालो होतो,” मामा त्याला म्हणाले. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. “तो मेला. बापाला खाटेवर ठेव.”

मुलाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

मामांनी मान वळवली, तेव्हा मी त्यांना दारात दिसले. “संध्याकाळी भरत्याबरोबर वहिनीला घेऊन ये,” ते म्हणाले. “तिला पण सांगायचंय.”